नाताळ, कोहळा आणि अण्णांची टूथपिक

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, फ्रूटकेक खात नाहीत, निवडतात. तांदूळ निवडावेत तसा. समोर बशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात टूथपिक. आधी लाल टूटीफ्रुटी काढायची, मग हिरवी, मग पिवळी, आणि बशीच्या कडेला रंगवार ओळीनं मांडायची. मग बेदाणे. एवढं झालं की भोकाभोकांचा जो काही केक उरेल तो चहात बुडवून खायचा आणि म्हणायचं, "छान झालाय हो." सोळा नाताळ मी ही ओळ बघितली. दरवर्षी केक मीच केलेला. टूटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवून रंगवलेली कच्ची पपई, हे एकदा त्यांना सांगून बघितलं. "मग पपई म्हणा की," म्हणाले, आणि पुढचा तुकडा काढला.

आमच्यासारख्या घरात दर नाताळाला फ्रूटकेक कशाला, असं कुणीही विचारेल. कारण वरच्या मजल्यावर टीचर राहतात.

टीचर म्हणजे टीचर. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे बिल्डिंगमधला दूधवालासुद्धा त्यांना टीचरच म्हणतो. माहेर अहमदनगरचं, आता अहिल्यानगर म्हणायचं. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आणि सात पिढ्यांपासून शेंगदाण्याचं कूट. मी लग्न होऊन रास्ता पेठेत आले तेव्हा क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची घंटा ऐकू आली की मी जिन्यात त्यांना "मेरी ख्रिसमस" म्हणायचे. तीन वर्षांनी त्यांनी शांतपणे सांगितलं, "अगं, ते चर्च कॅथलिकांचं. आम्ही प्रॉटेस्टंट. आमची उपासना दुसरीकडे असते." मग तिथेच जिन्यात उभ्या उभ्या मला इतिहासाचा तास मिळाला: सिटी चर्चला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, त्यांच्या फौजेत पोर्तुगीज अधिकारी होते म्हणून. शनिवारवाड्यावरून चर्चला जागा मिळाली आणि पुढे शंभर वर्षांनी, 1890 साली, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, हेही त्यांनीच सांगितलं. "एका कपासाठी एवढं, तर केक खाल्ला असता तर काय झालं असतं?" हा त्यांचा ठेवणीतला विनोद. दर डिसेंबरला एकदा होतोच.

तर आमच्याकडून दिवाळीला फराळाचं ताट वर जातं. त्यांच्याकडून नाताळला ताट खाली येतं. त्यात करंज्या, शंकरपाळे, तिखट शेव आणि कुलकुले. कुलकुले माहीत नसतील त्यांच्यासाठी: मैदा, नारळाचं दूध, अंडं यांची घट्ट कणीक मळायची, बोराएवढी गोळी घ्यायची, फणीच्या दातांवर अंगठ्यानं दाबत गुंडाळायची. रेघारेघांचा शिंपला तयार होतो. तो तळायचा आणि पाकात घोळवायचा. टीचरांकडे यासाठी एक वेगळी फणी आहे, पांढरी, कधीही केसाला न लागलेली. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी दचकले होते.

आणि ताट रिकामं परत द्यायचं नाही, हा तर आपल्याकडचा कायदाच. नाताळच्या ताटातून परत काय द्यायचं? नाताळ आहे तर केक. केक आहे तर फ्रूटकेक. एवढाच विचार मी सुरुवातीला केला होता.

आता त्या फ्रूटकेकनं माझा किती अंत पाहिला ते ऐका. खरा फ्रूटकेक म्हणजे बेदाणे, मनुका, संत्र्याची साल वगैरे रम किंवा ब्रँडीत महिना दोन महिने भिजवून केलेला. आमच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा अण्णा बारीक अक्षरं वाचतात, तिथे रम कुठून आणणार? मी डोकं चालवलं आणि ऑक्टोबरातच सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजवून बरणी माळ्यावर ठेवली. दारू फळं टिकवते. रस टिकवत नाही, रसाचीच दारू व्हायला लागते. ऑक्टोबरची पुण्यातली दुपार, तापलेला माळा, घट्ट झाकण. अकराव्या दिवशी माळ्यावर "फट्" असा आवाज झाला. चिकट पाक गणपतीच्या मखरावर गुंडाळलेल्या चादरीतून खाली टपकत होता आणि घरभर जो वास सुटला होता त्याला अण्णांनी "काहीतरी आंबलंय" एवढंच म्हटलं, हे त्यांचे उपकार. तेव्हापासून माझा नियम: रसात भिजवायचं तर रात्रभर, तेही फ्रिजमध्ये.

दुसऱ्या वर्षी फळं सगळी तळाशी बसली. तिसऱ्या वर्षी त्यांना मैद्यात घोळवून घातलं, ती बसली नाहीत, पण तो गुरुवार होता आणि गुरुवारी आमच्याकडे वीज जाते हे मी विसरले. अर्ध्या तासानं ओव्हन थंड. केक मध्ये असा खचला की मी त्यात आइसक्रीम भरून "पुडिंग" म्हणून वाढला. पुण्यात राहून केक करणाऱ्यांनी पाककृतीच्या आधी कॅलेंडर बघावं.

यथावकाश जमायला लागला. साखर करपवून केलेला काळा पाक, जायफळ, लवंग, सगळं व्यवस्थित. तरी अण्णांची टूथपिक थांबली नाही, मुलानं एक तुकडा खाऊन "क्रीमवाला का नाही?" विचारणं थांबलं नाही, आणि माझं स्वतःचं काय? मलाही तो फारसा आवडत नाही हे कबूल करायला मला सोळा वर्षं लागली. दाताखाली एकेक येणारी ती फळं, प्रत्येकाची चव वेगळी, आणि सगळ्यांच्या वर करपलेल्या साखरेचा कडवटपणा. काहींना नेमकं तेच आवडतं. आवडो.

चार वर्षांपूर्वी ताट द्यायला वर गेले तेव्हा टीचरांना थंडीताप होता, म्हणून मी केक थेट त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायला गेले. आत आदल्या नाताळचा अर्धा केक. माझाच. फॉइलवर माझ्याच अक्षरातली तारीख. टीचर कॉटवरून म्हणाल्या, "खराब नाही होत तो. चांगला केलेला आहेस." मग जरा थांबून, "मला ना, तो फळांचा केक कधीच नाही आवडला. आमच्या लहानपणी नगरला केक नव्हताच घरात. करंज्या असायच्या. आणि आई बेकरीत रवा, तूप, साखर देऊन नानकटाई भाजून आणायची. पत्र्याच्या डब्यात. केक हा प्रकार मी पुण्यात आल्यावर कॅम्पात बघितला."

दोघी हसलो. सोळा केक! म्हणजे मी त्यांच्यासाठी करत होते, त्या माझं मन मोडू नये म्हणून घेत होत्या, आणि अण्णा दोघींसाठी टूटीफ्रुटी निवडत होते.

त्या दिवसापासून मी मोकळी झाले. नाताळला दुसरं काय भाजता येईल याचे प्रयोग चालू आहेत ते तेव्हापासून. जगात याला काही कमी नाही. जर्मनांचा श्टोलन आहे, इटलीतला पानेट्टोने आहे, फ्रेंचांचा लाकडाच्या ओंडक्यासारखा गुंडाळलेला केक आहे. श्टोलन मी एकदा केला. यीस्टची कणीक, त्यात बदामाचा गोळा, वरून पिठीसाखरेचा थर. चव चांगली होती, दिसायला मात्र बेबीसूट घातलेल्या बाळासारखा दिसत होता आणि अण्णांनी "हा कुणाचा?" विचारलं. परत केला नाही. नागपुरी संत्र्याचा केक दोनदा केला. साल किसताना आतला पांढरा भाग आला की केक कडू होतो, एकदा आला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी केकमध्ये भाजल्या की लगदा होतात. त्या धुऊन तशाच खाव्यात. पुरंदरच्या ताज्या अंजिरांचंही तेच. सासवडहून आलेलं अंजीर ओव्हनमध्ये घालणं हा त्याचा अपमान आहे, असं मी अनुभवांती म्हणते.

टिकले ते तीन.

पहिला खजुराचा. ज्यांना फ्रूटकेकचा काळेपणा आणि ओलसरपणा हवा पण भानगड नको त्यांच्यासाठी. 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर एक कप कडकडीत गरम दुधात घालायचा, वर एक चमचा खायचा सोडा. फेस येतो, घाबरू नका. सोड्यानं खजुराची सालं मऊ होतात आणि रंग गडद होतो, त्यामुळे साखर करपवायची गरजच पडत नाही. अर्ध्या तासानं मिक्सरमधून काढायचं, त्यात 100 ग्रॅम वितळलेलं लोणी, पाव कप साखर, 150 ग्रॅम पीठ. मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेते. जायफळ. मूठभर अक्रोड, हातानंच मोडलेले. पीठ घातल्यावर फार घोटायचं नाही, केक चिवट होतो. 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. अंडं लागत नाही, त्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांत जातो. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, पण दुसरा दिवस त्याला सहसा बघायला मिळत नाही.

दुसरी गोव्याकडची बातिक. रवा आणि ओल्या नारळाचा केक. माझ्या ऑफिसमधल्या म्हापशाच्या मैत्रिणीनं शिकवला. 250 ग्रॅम बारीक रवा, तेवढीच साखर, 125 ग्रॅम लोणी, 3 अंडी, एका नारळाचं खोबरं जरा भरडच वाटून, एक चमचा बेकिंग पावडर. साखर-लोणी फेटायचं, अंडी एकेक करून, मग रवा आणि खोबरं. आणि मग भाजायची घाई करायची नाही. मिश्रण झाकून रात्रभर ठेवायचं. रवा खोबऱ्याचं सगळं दूध पिऊन फुगतो. बेकिंग पावडर सकाळी, भाजायच्या आधी. पहिल्यांदा मी रात्रभर न ठेवता भाजला तर प्रत्येक घास दाताखाली कचकच वाजत होता. वरून काट्यानं चौकटी आखतात, तुळशीबागेतल्या गोल डब्यातही त्या शोभतात. 170 अंश, पाऊण तास. हा केक टीचरांना आवडला, कारण त्यांना आईच्या नानकटाईतला रवा आठवला. अण्णांनाही आवडला, कारण निवडायला काही नव्हतं. तरी टूथपिक मागवून एकदा खात्री करून घेतलीच.

तिसरा मात्र माझा लाडका आहे आणि तो शोधायला मला बाहेर कुठे जावं लागलं नाही.

माझं माहेर देवरुखजवळचं. आजी धोंडस करायची. पावसाळ्यात वेलावर मोठमोठी तवशी धरायची, कोपरापर्यंतच्या हाताएवढी काकडी, पिकली की पिवळीधमक. त्यातली काही केळीच्या सोपानं बांधून आढ्याला टांगून ठेवायची, ती दिवाळीनंतरही टिकायची. मग एखाद्या दुपारी एक खाली यायचं. किसून, भाजलेल्या रव्यात शिजवून, गूळ, खोबरं, वेलची घालून पितळी पातेल्यात ओतायचं. तळाला हळदीचं पान. आणि मग जी गंमत होती ती अशी: चुलीतले निखारे थोडेसे पातेल्याखाली आणि बाकीचे सगळे झाकणावर. वर जास्त, खाली कमी. खाली जास्त झाले तर करपतो. मी उकिडवी बसून झाकणावरचे निखारे राखाडी होताना बघायची. ते विझायला आले की आजी फुंकणीनं हळूच फुंकर घालायची, राख उडू नये अशी. मग हळदीच्या पानाचा वास यायला लागायचा आणि आजी म्हणायची, "आता हात लावू नकोस, निवू दे." निवायला संध्याकाळ व्हायची. ती संध्याकाळ मला आजही पूर्ण आठवते, धोंडसाची चव तेवढी आठवत नाही.

खालून-वरून उष्णता देणारा ओव्हनच तो, दुसरं काय. पन्नास वर्षांची होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता डिसेंबरात पुण्यात तवसं कुठे मिळणार? बारकी काकडी घालून बघितली, वास येत नाही. म्हणून कोहळा. मंडईत कोहळा मागितला की "दाराला टांगायला का?" असं विचारतात. "खायला," म्हटलं की भाजीवाली मावशी आदरानं बघते. कोहळ्याला नाताळात मान मिळवून द्यायची गरज नाही, तो आधीच आहे. अलाहाबादी केक म्हणून जो नाताळचा केक प्रसिद्ध आहे त्यात पेठा घालतात, तुपात केलेला असतो, बडीशेप असते. आणि पेठा म्हणजे कोहळाच. म्हणजे मी फक्त साखरेच्या पाकातली पायरी गाळली.

कृती सांगते, मोजमाप वाटीचं. तीन वाट्या कोहळ्याचा कीस, पिळायचा नाही, पाण्यासकट. कोहळा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, तेच रव्याला हवं असतं. दीड वाटी जाडसर रवा अर्धी वाटी तुपावर तांबूस भाजायचा. त्यात कीस घालून झाकण ठेवून शिजवायचा. गूळ आत्ताच घालायचा नाही! रवा पूर्ण फुलल्यावरच. आधी घातला की रवा तिथेच अडतो आणि कितीही शिजवा, कणी राहते. शिऱ्यात साखर शेवटी घालतो ते याचसाठी. मग दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, काजूचे तुकडे. गूळ विरघळला की मिश्रण सैल होतं, ते तसंच तूप लावलेल्या डब्यात ओतायचं. हळदीचं पान मिळालं तर तळाला, नाहीतर नको, त्याच्या जागी हळद घालू नये (हे सांगायची वेळ माझ्या जावेमुळे आली). 180 अंश, 40 ते 45 मिनिटं, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. वरचा पापुद्रा तपकिरी झाला की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. गरम असताना कापला तर तो शिरा असतो, गार झाल्यावर वडी पडते. सोडा नाही, अंडं नाही, मैदा नाही. फुगत नाही, फुगायची अपेक्षा ठेवू नका.

गेल्या नाताळला हाच केला. चोवीस तारखेला दुपारी टीचरांकडे बशी नेली. त्यांच्याकडे कागदाचा तारा लावायचं काम चालू होतं, स्टुलावर उभं राहून, वय वर्षं एकोणऐंशी. तारा माझ्या हातात देऊन त्या खाली उतरल्या, खुर्चीत बसल्या, एक वडी तोडली, वास घेतला. "कोहळा?" म्हणाल्या. शाळेत कॉपी पकडावी तसं. मग दुसरी तोडली. "याला केक म्हणायचं का?" मी म्हटलं, "नाताळला ओव्हनमधून निघालं ते केक." त्या म्हणाल्या, "हे उत्तर दहापैकी सहा मार्कांचं आहे," आणि तिसरी वडी घेतली.

संध्याकाळी बशी खाली आली. कायद्याप्रमाणे भरून. वरचा रुमाल काढला तर आत करंज्या, कुलकुले, आणि मधोमध फ्रूटकेकचे चार जाड तुकडे. टीचरांच्या भाच्यानं वसईहून आणलेला. काळाभोर, ओला, एकही रंगीत खडा नसलेला, फळं केकमध्ये अशी मुरलेली की कुठे काय संपतं ते कळू नये. मी एक घास घेतला आणि गप्प बसले. इतकी वर्षं मी जो करत होते तो आणि हा, यांचं नाव एकच असू नये.

अण्णांनी टूथपिक घेतली, तुकडा इकडून तिकडून बघितला, टूथपिक खाली ठेवली आणि हातानं खाल्ला. मग दुसरा खाल्ला. "हा जमलाय तुला," म्हणाले. मी खजुराचा आहे म्हटलं.

रम आहे हे अजून त्यांना सांगितलेलं नाही. ते हा ब्लॉग वाचत नाहीत.